सातव्या घोडीचा पाय

हसुराम मामा, माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे, असं मला कुणी विचारलं की मी तुझं नाव घेतो. आईवडिलांचं त्यानंतर. हे मी तू असताना वरसे गावातल्या आमच्या घरी, वडिलांच्या समोर बोललो आहे आणि वडिलांनी त्यावर मान हलवली आहे, तेव्हा यात नवं काही नाही. नवं एवढंच की तू गेल्याला आज सोळा दिवस झाले आणि मी अजून तुझ्याशी भांडतो आहे.

मामी म्हणाली, "गेलेल्या माणसाशी वाद घालू नये रे बाळू."

मी म्हणालो, "मग त्यानं वाद संपवून जायला हवं होतं."

ती चहा गाळत होती. गाळणी आपटत म्हणाली, "तो काय संपवणार? आमच्या लग्नातल्या मांडवाचा वाद अजून संपवलान नाय."

वाचणाऱ्याला कळावं म्हणून आपला वाद थोडक्यात सांगतो. धरमतरच्या खाडीकडे, तुझ्या मूळ गावच्या मिठागरापासून धक्क्यापर्यंत एक लाकडी पूल होता. पुलावर बारीक रूळ होते आणि रुळांवरून मिठाची ढकलगाडी जायची. तो पूल तुझ्या वडिलांनी चार साथीदार घेऊन कमरेइतक्या चिखलात उभं राहून बांधला. तू मिसरूड फुटण्याच्या वयाचा असताना तो मोडला, त्याची लाकडं लोकांच्या घरांना वाशांसाठी गेली, आणि कुणी त्याचा एकही फोटो काढून ठेवला नव्हता. पूल पाहिलेली माणसं एकेक करत गेली. शेवटी तू उरलास. तो पूल होता, हे कुठेतरी छापून यावं, एवढंच तुला हवं होतं. म्हणून जोह्यातल्या तुझ्या घराच्या मागच्या पडवीत तू तो परत बांधलास, एका फुटाला पाव इंच या मापाने, आणि मी त्याचा फोटो काढला. फोटोखाली 'प्रतिकृती' हा शब्द लिहायचा की नाही, यावर आपलं बोलणं बंद झालं. अडीच महिने. आणि मग तू गेलास.

हे काही बरोबर केलं नाहीस.

माझ्या बारावीनंतर वडिलांनी ठरवून टाकलं होतं. रोह्याच्या कारखान्यांत हेल्परची जागा तयार होती, घरी भात आणि वाल करून उरलेल्या वेळात मी शिफ्ट करायची, असं सगळं जुळलं होतं. हे आईने तुला कळवलं आणि तू दुसऱ्या दिवशी पहिल्या एस.टी.ने वरसेला आलास. चुलत बहिणीच्या घरी ओट्यावर बसलास ते दुपारपर्यंत उठलाच नाहीस.

"भावजी, पोरगा कंपनीत जाईल, व्हय. पण घमेलं घेऊन नाय जाणार. कागद घेऊन जाईल."

"कागदानं पोट भरतंय काय?" वडील म्हणाले.

"तुमचं घमेल्यानं भरलं काय?"

 वडील आत बघून म्हणाले, "भाकरी टाका. मेवणे जेवून जातील." आणि माझी ट्रंक तुझ्याबरोबर जोह्याला आली.

तुझ्या घरात मी तीन वर्षं राहिलो, जोह्याहून एस.टी.ने पेणला कॉलेजात गेलो. घर कसलं, कारखानाच तो. जून उजाडला की माझ्या पुस्तकांच्या फळीच्या वर, खाली, बाजूला गणपती. रंग झालेले, पण डोळे न लिहिलेले. डोळ्यांची आखणी तुझी. आसपासच्या तीन कारखान्यांतून तुला त्यासाठी बोलावणं यायचं. मी रसायनशास्त्र पाठ करायचो आणि मध्येच डुलकी लागली तर मागून तुझा आवाज यायचा, "त्यांना अजून दिसत नाय रे, पण मला दिसतंय."

तुझ्या कारखान्याचा एक नियम होता. डोळे लिहिले की मूर्तीला हात लावायचा नाही. नंतर सोंडेवर रंगाचा ओघळ दिसो, बोट जाड वाटो, काही दिसो. डोळे उघडलेल्याला सुधारायचं नाही. कुणी ब्रश पुढे केलाच तर तू त्याचं मनगट धरायचास. एकदा माझंही धरलंस. कानामागे माती दिसत होती, मी नुसती नखाने काढायला गेलो होतो. मनगट दोन दिवस दुखत होतं. हा नियम मी इथे मुद्दाम सांगून ठेवतो आहे.

मी बी.एस्सी. झालो, रोह्याला कंपनीच्या लॅबमध्ये लागलो, आणि गणपती झाल्यावर तुझ्या हातांना काम नसण्याचे जे महिने असतात त्या महिन्यांत तू पूल सुरू केलास. सतरा घोड्या. पुलाखालच्या पायांच्या एकेका चौकटीला तू घोडी म्हणायचास, सुताराच्या घोडीसारखी ती दिसते म्हणून. वर सरळ तुळई, खाली चार पाय, बाहेरचे दोन फाकलेले, आणि मध्ये आडव्या-तिरप्या पट्ट्या. कुठली घोडी किती उंच, कुठे खाडीचा तळ खोल, हे सगळं तुझ्या डोक्यात होतं. कागदावर तू एक रेघ मारली नाहीस. मी दर रविवारी यायचो. तुला वाटायचं मी फोटो काढण्यापुरता येतो. मामा, मी तिथे तुझ्याजवळ बसायला यायचो, हे तुला कधी सांगितलं नाही. आता सांगतो.

बोल्टच्या टोप्या म्हणून तू नाचणीचे दाणे चिकटवले होतेस. तीन घोड्यांवर. सुंदर दिसत होते. मी दाण्याला पट्टी लावली. दीड मिलिमीटर, गुणिले अठ्ठेचाळीस.

"मामा, ही टोपी तीन इंची झाली. एवढा बोल्ट आगबोटीला असतो."

"मग काय लावू? माझं टाळकं?"

"राजगिरा लाव."

तू घरात तोंड करून ओरडलास, "ऐकलंस काय गो? उपासाचं आण. इंजिनियर आलाय."

आणि तिन्ही घोड्यांवरचे नाचणीचे दाणे तू सुईने एकेक उचकटून काढलेस. कुरकुर केलीस, पण काढलेस. राजगिऱ्याला मुंग्या लागल्या तेव्हा तू विजयी मुद्रेने माझ्याकडे पाहिलंस. मी वरून पॉलिशचा हात दिला.

मिठाची गोष्ट मात्र तू ऐकली नाहीस. धक्क्याजवळ मिठाची रास हवी होती, आणि मिठागरात वाढलेला माणूस मिठाच्या जागी दुसरं काही ठेवील हे शक्यच नव्हतं. तू गावाहून खरं मीठ आणलंस, जाडं. मी सांगितलं की या मापात मिठाचा एकेक खडा नारळाएवढा दिसेल. तू म्हणालास, "मिठागरात मीठच असतं. मला शिकवू नको." फोटोत ती रास दगडफोडीच्या खाणीसारखी आली. त्यावर तू म्हणालास की फोटो चुकला. मग पावसाळा आला. हवेतलं सगळं पाणी त्या मिठाने ओढून घेतलं, रास वितळली, फळीवरून पसरली, तारेचे रूळ गंजून पिचले आणि खाडीचा रंग पापुद्रे धरून उठला. एका पावसाळ्यात सात महिन्यांचं काम गेलं. तू त्याकडे बघत उभा होतास. मी पिचलेला रूळ उचलून बाजूला ठेवला. तूच म्हणालास, "मिठानं खाल्लंन. माझ्या बापसाच्या पायांनाही असंच खायचं." मग दुसऱ्या वर्षी रास चाळलेल्या पांढऱ्या रंगाच्या भुकटीची केलीस आणि तुला ती कधीच आवडली नाही.

दुसऱ्या वर्षी माझी पाळी होती. पुलाची लाकडं नवी, पिवळी दिसत होती. खाडीवर उन्हापावसात राहिलेलं लाकूड राखाडी होतं, आणि राखाडी रंग लावला की तो रंगच दिसतो. मी कोऱ्या चहाच्या पाण्यात काड्या उकळल्या, वाळवल्या. आठवडाभर शिर्क्यात, म्हणजे व्हिनेगरमध्ये, गंजके खिळे बुडवून ठेवले होते, ते पाणी ब्रशने वर फिरवलं. चहातला तुरटपणा आणि लोखंड यांची गाठ पडली की लाकूड आतून काळवंडतं. तुझ्या डोळ्यांदेखत काडी पन्नास वर्षांची झाली. तू चष्मा काढलास, पुसलास, परत लावलास.

"ही तुझी बी.एस्सी. काय?"

"व्हय."

"मग बरी हाय."

पदवीच्या दिवशीसुद्धा तू मला इतकं बोलला नव्हतास. त्या दिवशी तू फक्त एस.टी.च्या कंडक्टरला सांगितलं होतंस, आणि त्याने सगळ्या गाडीला.

भरतीच्या पाण्याची रेघ तू प्रत्येक पायावर वेगळी काढलीस, धक्क्याकडे जरा वर, मिठागराकडे जरा खाली. रेघेखाली रांगोळीचे कण डिंकात भिजवून कालवं, म्हणजे पाण्यातल्या लाकडाला धरणारे शिंपले, चिकटवलीस. ढकलगाडी ढकलणारी एक बाई केलीस, सव्वा इंच उंचीची, काष्टा घातलेली, पाठ वाकलेली. ती कोण हे तू सांगितलं नाहीस. मामीने सांगितलं, तुझी आई. मी भिंगातून पाहिलं तर तिला डोळेच नव्हते. आयुष्यभर डोळे लिहिणाऱ्या माणसाने आईचे डोळे सोडून दिले होते. मी विचारलं, तर तू म्हणालास, "तेवढ्या लांबून दिसतात काय माणसाचे डोळे? तूच शिकवलंस ना माप?"

फोटो काढायचं मात्र मी तुला शिकवलं नाही, तू मला शिकवलंस. रोह्यातल्या स्टुडिओवाल्याकडून मी कॅमेरा मागून आणायचो. भिंगाचं छिद्र बारीक ठेवायचं म्हणजे पुढची घोडी आणि शेवटची घोडी दोन्ही स्पष्ट येतात, हे मला माहीत होतं. तरी प्रत्येक फोटोत पूल खेळण्यासारखा दिसायचा. तू एकेक फोटो पाहिलास आणि म्हणालास, "तू वरून बघतोस. देवासारखा. मी त्याच्याकडं खालून बघत होतो, चिखलातून." मग आपण फळी अंगणात नेली, दोन बाकांवर ठेवली, मागे शेतं आणि खरं आभाळ, आणि कॅमेरा पुलाखालच्या चिखलाच्या पातळीला विटांवर टेकवला. मी भिंगातून पाहिलं आणि घाबरलो. सतरा घोड्या माझ्या डोक्यावर उभ्या होत्या.

त्याच हिवाळ्यात तू रोह्याला आला होतास. रोह्याच्या पुढे नव्या रेल्वेचं काम चाललं होतं ते बघायला मी तुला सायकलवर डबलसीट नेलं. नदीत सिमेंटचे खांब उभे होते. तू टोपी मागे सारून एकेक मोजलास आणि तिथल्या मुकादमाला विचारलंस, "यातला वाकडा कुठला?"

"वाकडा कसा असेल काका? सगळे ओळंब्यात."

"मग माझ्या बापसाच्या पुलात एक जास्त हाय," असं म्हणून तू चालायला लागलास.

येताना सायकल हातात धरून तू मला सातव्या घोडीची गोष्ट सांगितलीस. तिथे चिखल सगळ्यात खोल होता. चौथा पाय रोवला तो खाली गेला, गेलाच, आणि अडीच हात आखूड पडला. दुसरं लाकूड शिल्लक नव्हतं आणि भरती चढत होती. तुझ्या वडिलांनी बांधावर पडलेला माड तोडून त्याचा तुकडा त्या पायावर चढवला आणि काथ्याच्या दोराने आवळला. तो पाय कायमचा तिरपा राहिला. गाडी तिथे आली की जरा कुरकुरायची. गाव त्या घोडीला लंगडी म्हणायचं आणि तुझ्या वडिलांना लंगडीवाला. पूल मोडला तेव्हा सगळ्या घोड्या उपटून निघाल्या, तो पाय निघाला नाही. वरून कापून घ्यावा लागला.

मी म्हणालो, "मग आपल्या पुलात ती सरळ का आहे?"

"ते आपल्यात ऱ्हाऊ दे."

"पण तशी नव्हती ना ती."

"लोक पुस्तकात बघतील नि काय बोलतील? हसूच्या बापसाला माप कळत नव्हतं?"

मी वाद घातला नाही. तेव्हा घालायला हवा होता. ज्या ठिकाणी घालायचा तिथे मी गप्प राहिलो.

पूल पुरा झाला त्या दिवशी तू हात धुतलेस आणि म्हणालास, "डोळे लिहिले समज." म्हणजे आता कुणी हात लावायचा नाही.

मग पेणच्या वाचनालयातर्फे तालुक्याच्या जुन्या आठवणींची स्मरणिका निघायची होती. तिचं काम बघणारे गृहस्थ निवृत्त ओव्हरसियर, सगळे त्यांना साहेब म्हणतात. फोटो द्यायच्या आदल्या रविवारी आपण भांडलो. मी फोटोमागे सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, 'मिठागराच्या पुलाची प्रतिकृती'.

"हे खोड," तू म्हणालास.

"का?"

"गणपती घरी आणतात तेव्हा खाली लिवतात काय, ही माती हाय म्हणून?"

"मूर्ती बघणाऱ्याला ठाऊक असतं ती मातीची आहे. फोटो बघणाऱ्याला हे ठाऊक नाही."

"मग पूल नव्हता काय?"

"होता. पण हा तो नाही."

द्यायच्या दिवशी तू धुतलेला सदरा घालून माझ्याबरोबर पेणला आलास. साहेबांनी फोटो हातात धरला, उलटा केला, ओळ वाचली आणि टेबलावर ठेवला. म्हणाले, असा पूल कुठल्या कागदावर नाही, मी स्वतः ते नकाशे हाताळले आहेत. म्हणाले, खेळणं मात्र छान केलंय हो. तू टोपी उचलून डोक्यावर ठेवलीस. एस.टी. जोह्याला पोचेपर्यंत तू खिडकीबाहेर बघत होतास. उतरल्यावर विचारलंस, "तू ती ओळ लिवली नसतीस तर?"

"तर खोटं झालं असतं मामा."

"माझा बापूस खोटा काय?"

हे तुझं माझ्याशी शेवटचं बोलणं.  याचं उत्तर मला महिन्याने सुचलं आणि मी पत्रात लिहिलं. त्या पत्राचं उत्तर आलं नाही. आली ती तू गेल्याची बातमी, कंपनीच्या गेटवर, माझी शिफ्ट सुटताना.

तुझ्या दहाव्याला घर माणसांनी भरलेलं होतं. मी मागच्या पडवीत गेलो. पुलावरचं फडकं काढलं आणि सवयीने एका टोकापासून घोड्या बघत आलो. सातव्या घोडीशी थांबलो.

तिचा चौथा पाय कापलेला होता. वरचा भाग वेगळ्या लाकडाचा, जाडसर, माडासारखी वळ्यावळ्यांची साल कोरलेली. पाय तिरपा होता. जोडावर चहाने रंगवलेल्या दोऱ्याचे वेढे होते, एकाला एक लागून, शेवटची गाठ आत खोवलेली. मी तुझं भिंग घेऊन मोजले. नऊ वेढे. वरचे रूळसुद्धा तिथे केसभर खाली दबले होते, गाडी कुरकुरावी इतपत.

मामी मागे येऊन उभी राहिली. म्हणाली, "तुझं पत्र दोन दिवस वाचलंन. एका पत्राला काय दोन दिवस लागतात? मी बोलले, बाळूला उत्तर धाड. तर बोलला, धाडतो. मग पुलापुढं बसला. आधी हात जोडलेन आणि मग करवत लावलीन. मी बोलले, अहो, तुम्हीच बोललात ना, डोळे लिवले म्हणून. तर माझ्यावरच खेकसला."

"काय म्हणाला?"

"बोलला, तुझा भाचा वकील झालाय, त्याला विचार."

मी तिथेच खाली बसलो मामा. पण रडण्याबद्दल मी इथे काही लिहिणार नाही, तुला ते आवडणार नाही.

अकराव्या दिवशी सकाळी मी फळी अंगणात काढली. दिवसकार्य चालू आहे, पाहुणे आहेत, हे काय चालवलंय, असं दोघाचौघांनी विचारलं. मी म्हणालो, मामाचं राहिलेलं काम आहे. मामीने स्वतः बाक आणून दिले. मी विटा लावल्या, मातीत पोटावर पडलो आणि ऊन तिरपं असेपर्यंत अख्खा रोल संपवला. पोटाला लागलेली माती घेऊनच रोह्याची गाडी पकडली.

परवा मी तो नवा फोटो घेऊन साहेबांकडे गेलो. मागे काही लिहिलं नव्हतं, ते लिहायचं राहिलं होतं एवढंच. त्यांनी तो खिडकीशी नेला आणि कितीतरी वेळ बघत राहिले. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "हा अस्सल कुठे मिळाला?"

"अस्सल नाही साहेब. तोच आहे."

"शक्य नाही. या पायाला जोड दिलाय बघा. प्रतिकृती करणारा असा पाय कशाला करील?"

मी सगळं सांगितलं. सांगून झाल्यावर ते समजुतीच्या सुरात म्हणाले, "हे बघा, छापू आपण. 'मिठागराचा जुना पूल, दुर्मिळ छायाचित्र.' एवढंच. ते प्रतिकृतीचं घालू नका. कुणाला कळणार आहे? तुमच्या मामांची इच्छाही तीच होती ना?"

होती. तुझी इच्छा अगदी तीच होती, शब्दाला शब्द. पूर्ण पान देतो म्हणाले. मी फक्त मान हलवायची होती.

मी नाही म्हणालो, मामा. फोटो उचलला आणि निघालो.

तू आता इथे असतास तर माझं मनगट धरलं असतंस हे मला ठाऊक आहे. धर. पण माझं ऐक. दुर्मिळ छायाचित्र म्हटलं की ते कुणी काढलं ते कुणालाच माहीत नसतं. पूल कुणी बांधला तेही नसतं. तुझ्या वडिलांनी पूल बांधला, त्यावर त्यांचं नाव कुठे लागलं नाही. तूही पूल बांधलास. तुझंही नाव मी असंच जाऊ देऊ? गावोगाव तुझ्या हातचे डोळे बघून लोकांनी हात जोडले आणि आखणी कुणाची हे एकाने विचारलं नाही. तेव्हा तू चालवून घेतलंस. मी चालवून घेणार नाही. मला तू घमेलं घेऊन नाही, कागद घेऊन जायला शिकवलंस ना? मग कागदावर काय लिहायचं ते मी ठरवीन.

हा लेख जे छापत आहेत त्यांना मी एकच अट घातली आहे. फोटो बाजूला लागेल आणि खाली ही ओळ पूर्ण लागेल: 'धरमतरच्या खाडीकडील मिठागराचा पूल, सातव्या लंगड्या घोडीसह. मूळ पूल बांधणारे: हसुरामचे वडील, गावाचे लंगडीवाले, आणि चार साथीदार. आठवणीतून केलेली प्रतिकृती: हसुराम, राहणार जोहे, डोळ्यांची आखणी करणारे.' साहेबांनाही मी हीच ओळ पाठवली आहे. छापायची तर ही छापा. नाही छापली तर फोटो मी आमच्या कंपनीच्या कँटीनमध्ये लावणार आहे. तिथे तीन शिफ्टची माणसं जेवायला येतात.

तुझं म्हणणं अजूनही तुझ्यापाशी असेल. असू दे. माझं पत्र मामीने पुलाच्या फळीखालून काढून दिलं. त्यावर चहाचे आणि खिळ्याच्या पाण्याचे डाग आहेत, म्हणजे काम करताना ते तुझ्यासमोर होतं. जसं आहे तसं उतरवतो.

ती. मामांस,
साष्टांग नमस्कार.

रागावून लिहीत नाही. रागावलो असतो तर एस.टी.ने येऊन बोललो असतो.

ओळ मी खोडणार नाही. तू माझ्याशी बोलला नाहीस तरी चालेल. पण तू एस.टी.तून उतरल्यावर विचारलंस त्याचं उत्तर द्यायचं राहिलं. तुझा बापूस खोटा नाही. आपला फोटो खोटा आहे, आणि तो त्या ओळीमुळे नाही.

मी तो लॅबमध्ये भिंगाखाली परत पाहिला. बोल्ट बरोबर आहेत. कालवं बरोबर आहेत. सावल्या बरोबर आहेत. सतराच्या सतरा घोड्या सरळ आहेत, तेवढंच चुकलं आहे. साहेब त्याला खेळणं म्हणाले ते उगाच नाही. खेळणं करणारा सगळे पाय सरळ करतो. चिखलात उभा राहिलेला माणूस तसं करत नाही, त्याला करता येत नाही.

सातवी घोडी कर मामा. डोळे लिहून झाले म्हणशील. पण लिहिताना तू सातव्या घोडीपासून मान फिरवली होतीस, मी बघत होतो. तेव्हा एक डोळा लिहायचा राहिला आहे असं समज. राहिलेलं लिहायला तुझ्या नियमात मनाई नाही.

लोक तुझ्या वडिलांना हसले असतील. हसणाऱ्यांचं मीठसुद्धा त्याच पायावरून धक्क्याला गेलं.

मी वैशाखात सुट्टी टाकून येतो. सकाळचं ऊन अंगणात तिरपं असताना फोटो काढू. कॅमेरा मी आणतो, बाक मामी देईल. तू काही करू नकोस, फक्त त्या जोडाला काथ्याचे वेढे किती होते तेवढं आठवून ठेव.

तुझा,
बाळू